प्राणायामातली चक्कर : मात्रा चुकल्याची खूण

प्राणायाम करताना डोके गरगरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काय करायचे? औशापासून नांदेडपर्यंत कुठल्याही योगवर्गात हा प्रश्न विचारला तर बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक उत्तर धीराचे असते : घाबरू नका, आतला मळ निघतोय, करत राहा. दुसरे भीतीचे असते : तुम्हाला हे सोसत नाही, सोडून द्या. पहिल्या उत्तराने माणूस पडतो, दुसऱ्याने तो एका चांगल्या सवयीला कायमचा मुकतो. माझे म्हणणे या दोन्ही उत्तरांच्या विरोधात आहे. चक्कर ही साधनेतली प्रगती नव्हे आणि साधकाच्या अपात्रतेचा शिक्काही नव्हे. ती मात्रा चुकल्याची खूण आहे. औषधाची मात्रा आपण वय, वजन आणि आजार पाहून ठरवतो. श्वासाची मात्रा मात्र समोर बसलेल्या सगळ्यांना एकाच तालात मोजून देतो. चूक इथे आहे, आणि ती सुधारता येण्यासारखी आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २०१५ पासून २१ जून हा योगदिन झाला. २०१९ साली राज्याचा मुख्य सोहळा नांदेडला झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि रामदेव बाबा त्याला हजर होते. मठ, आश्रम आणि मोजक्या संस्थांपुरती असलेली विद्या अशा सोहळ्यांतून आणि दूरचित्रवाणीवरून जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात पोहोचली, हे चांगलेच झाले. पण पटांगणातल्या वर्गाची एक मर्यादा असते. पहिल्या रांगेत पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा असतो. त्याच्या मागे बीपीची गोळी घेऊन आलेले साठीतले काका. त्यांच्या शेजारी काल एकादशी धरलेली आणि आज फक्त कपभर चहावर आलेली मावशी. कोपऱ्यात लातूरला शिकवणीला जाणारी, रात्री दोनपर्यंत जागलेली मुलगी. व्यासपीठावरून आकडे मोजणारा आवाज एकच, आणि त्या आवाजामागे पळणारी शरीरे अशी चार तऱ्हेची. भरतीच्या पोराला जे सहज जमते, त्याने काकांचा तोल जाऊ शकतो. यात काकांचा काही दोष नाही.

सगळ्यांत मोठा गैरसमज ऑक्सिजनचा आहे. चक्कर आली म्हणजे ऑक्सिजन कमी पडला, तेव्हा आणखी जोरात श्वास घ्या, असे सर्रास सांगितले जाते. शरीरात घडते ते नेमके उलटे. निरोगी माणूस बसल्या जागी मिनिटाला साधारण १२ ते १६ श्वास घेतो आणि एका श्वासात अर्धा लिटरच्या आसपास हवा आत जाते. एवढ्यावरच त्याच्या धमन्यांतले हिमोग्लोबिन ९५ ते ९९ टक्के ऑक्सिजनने भरलेले असते. जोर लावून त्यात फारशी भर पडायला जागाच उरलेली नसते. बदलतो तो कार्बन डायऑक्साईड. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब एरवी ३५ ते ४५ मिलिमीटर पारा इतका असतो. गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर केली की तो मिनिटा-दोन मिनिटांत ३०च्या खाली उतरू शकतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या किती रुंद राहायचे हे बरेचसे याच वायूवरून ठरवतात. तो घटला की त्या आकसतात. दाब एका मिलिमीटरने उतरला की मेंदूकडे जाणारे रक्त साधारण दोन ते चार टक्क्यांनी कमी होते. म्हणजे दहा मिलिमीटर उतरला तर किमान पाचवा हिस्सा रक्त कमी. भरीला रक्ताचा अल्कधर्म वाढतो आणि हिमोग्लोबिन आपल्याजवळचा ऑक्सिजन पेशींना सहजी सोडत नाही. डेन्मार्कच्या क्रिस्तियान बोर यांनी १९०४ मध्ये दाखवून दिलेल्या परिणामाचीच ही दुसरी बाजू. रक्तातले मोकळे कॅल्शियमही या वेळी घटते, म्हणून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधी बोटे आखडतात. वर्गात याच मुंग्यांना ऊर्जा जागी झाल्याची खूण समजून लोक वेग वाढवतात.

हे पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. करोनाच्या काळात घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले. त्यातली बरीचशी अजून कपाटात असतील. निरोगी माणसाला भस्त्रिका करताना गरगरते, तेव्हा त्या यंत्रावरचा आकडा ९८-९९च दिसतो. रक्तात ऑक्सिजन भरपूर आणि मेंदू तरी उपाशी, ही विसंगती त्या आकड्यात समोर दिसते. अशा वेळी आणखी जोराने श्वास घेणे म्हणजे ज्या कारणाने चक्कर आली तेच कारण वाढवणे.

मग कपालभातीने सगळ्यांनाच गरगरायला हवे, तसे होत नाही. का? इथे थोडा हिशेब करावा लागतो आणि तो करण्यासारखा आहे. आपण आत घेतलेल्या प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते; फुप्फुसाच्या ज्या भागात रक्ताशी देवाणघेवाण होते तिथे ती पोहोचत नाही. साध्या श्वासात ५०० पैकी ३५० मिलिलिटर कामी येतात; मिनिटाला १४ श्वास धरले तर जवळपास पाच लिटर हवा. आता कपालभाती नीट केली, म्हणजे खांदे स्थिर, छाती शांत, फक्त ओटीपोटाचा हलका झटका आणि आत येणारा श्वास आपोआप, तर एका झटक्यात समजा २५० मिलिलिटर हवा हलते. त्यातली कामाची फक्त १००. मिनिटाला ६० झटके दिले तरी सहा लिटर, म्हणजे नेहमीच्या जवळपासच. हीच क्रिया छाती फुगवून, खांदे उडवून, दर झटक्याला ६०० मिलिलिटर हवा ओढून केली, तर मिनिटाला २७ लिटर होतात, नेहमीच्या पाचपटीहून जास्त. झटक्यांची संख्या तीच, मोजणारा तोच, शेजारी बसलेली माणसेही तीच. एकाला हुशारी वाटते आणि दुसऱ्याला घेरी येते. फरक पद्धतीत आहे, आणि तो आकडे मोजणाऱ्याला व्यासपीठावरून दिसत नाही. भस्त्रिकेत तर श्वास आणि उच्छ्वास दोन्ही जोराचे असतात, त्यामुळे तिथे चूक व्हायला आणखी कमी वेळ लागतो.

याच शरीरक्रियेचा एक धोका आपल्या भागात फार जवळचा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावची पोरे विहिरीत पोहतात आणि पाण्याखाली जास्त वेळ कोण राहतो याच्या पैजा लावतात. बुडी मारण्याआधी भराभर दहा-वीस खोल श्वास घेतले की दम जास्त टिकतो, हे त्यांना अनुभवाने कळलेले असते. दम टिकतो याचे कारण छातीत ऑक्सिजनचा साठा झाला हे नसते. श्वास घ्यावासा वाटण्याची जी तीव्र ओढ असते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साईड वाढल्याने लागते, आणि तोच आधी बाहेर फेकलेला असतो. ओढ लागण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि पोरगा पाण्याखाली, कसलीही धडपड न करता, बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेही असे बुडाले आहेत. शाळेत भस्त्रिका शिकवणाऱ्या प्रत्येक गुरुजींनी आणि बाईंनी हे एक वाक्य शिकवलेच पाहिजे : पोहण्याआधी जोराचा श्वास कधीच घ्यायचा नाही.

मात्र प्राणायामाच्या वेळची प्रत्येक चक्कर श्वासाचीच असते असे धरून चालणेही चुकीचे. श्वास कोंडून, गळा आवळून, चेहरा लाल होईपर्यंत कुंभक केला की छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि रक्तदाब खाली जातो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीच्या वाल्साल्वा यांनी वर्णन केलेली ही क्रिया डॉक्टर आजही तपासणीसाठी वापरतात. त्यात हनुवटी छातीला दाबून जालंधर बंध लावला, तर मानेतल्या मोठ्या धमनीवरची रक्तदाबाची संवेदनशील जागाही दाबली जाऊ शकते, आणि उतारवयात तेवढ्यानेही हृदयाची गती एकाएकी मंदावते. वर्ग संपल्यावर मांडी मोडून झटकन उठताना येणारी अंधारी आणखी वेगळी. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी पडला तर तो आजाराच्या व्याख्येत बसतो. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या याला हातभार लावतात. लातूर-औशाचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे जाते, आणि हीच अंधारी मे महिन्यात जास्त जणांना गाठते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी बसलेल्या माणसाची साखर ७०च्या खाली गेली तर थरथर, घाम आणि चक्कर एकदमच येते. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या बाईचे हिमोग्लोबिन मुळात आठ-नऊ आहे, तिच्या मेंदूला रक्तपुरवठ्यातली थोडी घटही जाणवते. आणि कूस बदलताना किंवा मान वर करताना आख्खी खोली फिरल्यासारखी वाटत असेल, तर दोष बहुधा आतल्या कानाचा असतो. त्याचा श्वासाशी संबंध नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर डोके ठरावीक क्रमाने फिरवून ती चक्कर अनेकदा एका बैठकीत घालवतात.

परंपरेचे काय म्हणणे आहे? हा प्रश्न मराठी माणसाने आवर्जून विचारावा, कारण प्राणायाम प्रयोगाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे काम महाराष्ट्रातच सुरू झाले. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. नौली आणि उड्डियान करताना पोटात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, दाब मोजले, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला प्राणायामात किती ऑक्सिजन शोषला जातो, किती कार्बन डायऑक्साईड बाहेर पडतो याची मोजमापे छापली. प्राणायामाचे खरे मोल जादा ऑक्सिजनात नाही, हे या कामातून तेव्हाच पुढे आले होते. जवळपास शंभर वर्षांनंतरही आपण वर्गात ऑक्सिजनचेच गोडवे गातो, याची खंत वाटते. हठप्रदीपिका तर त्याहून कित्येक शतके जुनी. तिच्या दुसऱ्या उपदेशात युक्त प्राणायामाने रोग जातात आणि अयुक्त अभ्यासाने उद्भवतात असे स्पष्ट सांगितले आहे, आणि त्या रोगांत उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळ्यांच्या वेदना मोजल्या आहेत. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसा वायू वश करावा, घाई केली तर तो साधकालाच मारतो, हा इशाराही तिथलाच. पतंजलींनीही प्राणायाम ठेवला तो आसन स्थिर झाल्यानंतर.

यावर जाणकार साधक दोन आक्षेप घेतात, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला असा की त्याच हठप्रदीपिकेत प्राणायामाच्या कनिष्ठ अवस्थेत घाम आणि मध्यम अवस्थेत कंप सांगितला आहे. मग शरीरात काही उलथापालथ होणे हे प्रगतीचे लक्षण का मानू नये? दुसरा असा की आठ कुंभकांत एकाचे नावच मूर्च्छा आहे. पहिल्याचे उत्तर त्याच ग्रंथात मिळते. घाम आणि कंप सांगितले आहेत ते मिताहार, एकांत आणि गुरूच्या देखरेखीखाली मात्रा थोडी थोडी वाढवत नेलेल्या दीर्घ अभ्यासासंबंधी, आणि सर्वांत वरची अवस्था सांगितली आहे ती स्थैर्याची. तोल जाणे हे स्थैर्याच्या विरुद्ध टोकाचे लक्षण आहे. मूर्च्छा कुंभकाचे प्रयोजन मनाचे व्यापार शमवणे हे आहे, शरीर जमिनीवर कोसळवणे हे नाही. आणि सार्वजनिक वर्गात तो शिकवायची गोष्टच नव्हे. औशाला नाथपरंपरा परकी नाही, वीरनाथ-मल्लिनाथ महाराजांचे संस्थान इथलेच. कुंडलिनीचा विषय निघाला की इथला वाचक ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवील, आणि ते रास्त आहे. पण गीतेचा तोच सहावा अध्याय योग कोणाला साधतो तेही सांगतो : ज्याचे खाणे, हिंडणे, झोप आणि जागणे मोजके आहे त्याला. उपाशी राहणाऱ्याला आणि जागरण करणाऱ्याला तो साधत नाही, असे तिथे स्वच्छ म्हटले आहे. कालची एकादशी आणि रात्रीचे जागरण घेऊन पहाटे भस्त्रिका करणे हे शास्त्रालाही मान्य नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारातला : लाखो लोक रोज करतात, कोणाला काय होते? बहुतेकांना खरोखरच काही होत नाही, आणि श्वासाने आलेली चक्कर शांत बसले की काही मिनिटांत जातेही. पण बहुतेक म्हणजे सगळे नव्हेत. मेंदूच्या विद्युत आलेखाची, म्हणजे ईईजीची, तपासणी करताना रुग्णाला तीन मिनिटे खोल आणि भराभर श्वास घ्यायला मुद्दाम लावतात, कारण त्याने काही प्रकारचे फेफरे उद्भवते आणि निदान करता येते. रुग्णालयात तंत्रज्ञाच्या नजरेखाली जे तपासणी म्हणून केले जाते, तेच फेफऱ्याच्या रुग्णाने एकट्याने गच्चीवर करू नये, हे वेगळे सांगायला नको. २००४ मध्ये अमेरिकेतल्या 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात २९ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद आली. अतिरेकी कपालभातीनंतर तिच्या फुप्फुसाबाहेर हवा साठली होती. अशी घटना फार विरळ, तिने घाबरून जायचे कारण नाही. पण केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने योगदिनासाठी जो सामायिक क्रम आखून दिला आहे, त्यात कपालभातीच्या खालीच हृदयविकार, चक्कर, उच्च रक्तदाब, नाकातून रक्त येणे, अर्धशिशी, पक्षाघात, हर्निया आणि पोटातला व्रण असलेल्यांनी ती टाळावी अशी सूचना आहे. नवशिक्यांसाठी तिथे २०-२० झटक्यांची तीन आवर्तने पुरे मानली आहेत. म्हणजे ६० झटके. पंधरा मिनिटे न थांबता सेकंदाला एक झटका या तालाने केली तर ते ९०० होतात. गरोदरपणात तर रक्तातला कार्बन डायऑक्साईड मुळातच कमी, ३०च्या आसपास असतो. जोराच्या श्वासाला तिथे जागाच नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो लोकांच्या भल्याच्या काळजीतून येतो. इतक्या सूचना दिल्या तर गोरगरीब माणूस प्राणायामच सोडील. बिनपैशाचा एक उपाय हातचा जाईल. पण सोडतो कोण, याचा विचार करा. पहिल्याच दिवशी चाळीस जणांत घेरी येऊन पडलेली बाई पुन्हा वर्गाला येत नाही. जिला हळूहळू, सोसेल तेवढेच शिकवले, ती टिकते. शिवाय लाभाचा मोठा वाटा जोराच्या श्वासात नाही, संथ श्वासात आहे. २००१ मध्ये इटलीच्या लुचानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २३ निरोगी माणसांवरचा अभ्यास छापला. ख्रिस्ती जपमाळ आणि तिबेटी मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येत होता, आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची अंगभूत यंत्रणा त्या गतीला अधिक तत्पर होत होती. आपल्याकडे लांब ओळीचा अभंग म्हणणारा माणूस नकळत दीर्घ उच्छ्वासच साधत असतो. औशाच्या संस्थानाचे चक्री भजन प्रसिद्ध आहे. तिथल्या भजनी माणसाला श्वास लांबवायला वेगळे शिकवावे लागणार नाही. अनुलोम-विलोम, उज्जायी, भ्रामरी यांत हीच संथ गती आहे. बीपीवाल्या काकांचे, परीक्षेच्या धास्तीने छाती धडधडणाऱ्या मुलीचे काम याने भागते. त्या मुलीला तर घाबरलेल्या क्षणी 'मोठा श्वास घे' असेही सांगू नये. घाबरल्यामुळे तिचा श्वास आधीच वाढलेला असतो. 'सावकाश सोड' हे सांगणे बरोबर. संथ श्वासही अट्टाहासाने पोट-छाती तुडुंब भरून घेतला तर गरगरते, एवढे लक्षात ठेवले की झाले. आणि बरे वाटते म्हणून बीपीची किंवा साखरेची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

आता प्रत्यक्ष चक्कर आली त्या क्षणाचे. क्रिया तिथेच थांबवावी, आवर्तन पुरे करण्याचा हट्ट नको. डोळे उघडावेत, बंध सोडावेत, कुंभक असेल तर श्वास सहज सोडावा आणि मग श्वासाकडे लक्षच न देता तो आपल्या गतीने चालू द्यावा. भिंतीला टेकावे, अंधारी वाढली तर आडवे व्हावे आणि पाय उशीवर किंवा कोणाच्या मांडीवर उंच ठेवावेत. उठून घरी जाण्याची घाई सर्वांत घातक, कारण डोके फुटते ते चकरेने नव्हे, फरशीवर पडल्याने. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता करू नये. चक्कर हृदयाची किंवा दम्याची असेल तर त्याने अपाय होतो. कांदा किंवा चप्पल हुंगवणे, तोंडावर पाण्याचे हबके मारणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणे, हे सगळे टाळावे. माणूस शुद्धीवर नसेल तर त्याला कुशीवर वळवावे आणि भोवतीची गर्दी हटवावी. मधुमेही शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायला द्यावी. पाच-दहा मिनिटांत पूर्ण बरे वाटले तर त्या दिवशी पुन्हा जोराची क्रिया नको, आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या मात्रेने सुरुवात. पण छातीत दुखत असेल, धडधड थांबत नसेल, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, एक हात लुळा पडला, एकाएकी असह्य डोके दुखले, किंवा मिनिटभरात शुद्ध आली नाही, तर ती प्राणायामाची चक्कर समजून वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. औशाहून लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वीसेक किलोमीटरवर आहे. पक्षाघातात पहिले साडेचार तास उपचाराचे असतात आणि ते मळ निघण्याची वाट पाहण्यात घालवणे परवडणारे नाही.

शिक्षकांकडून काय अपेक्षा ठेवायची? फार नाही. वर्ग सुरू होण्याआधी दोन मिनिटे खर्चून विचारावे : बीपी, साखर, फेफरे, हृदय यांपैकी कोणाला काय आहे, कोणी गरोदर आहे का, आज कोण उपाशी आहे, मागच्या वेळी कोणाला गरगरले. ज्यांचे हात वर होतील त्यांना जोराच्या क्रियेऐवजी अनुलोम-विलोम सांगावा आणि भिंतीजवळ बसवावे. व्यासपीठावरून आकडे मोजण्याऐवजी 'आपापल्या गतीने' म्हणावे आणि स्वतः रांगांतून फिरावे. कोणाचे खांदे उडताहेत हे फिरल्याशिवाय दिसत नाही. दर आवर्तनानंतर अर्धा मिनिट सगळ्यांना शांत बसवावे, आणि थांबलेल्या माणसाला चारचौघांत 'का हो, दमलात?' असे विचारू नये. लाजेपोटी न थांबणारी माणसेच जास्त पडतात. वर्ग संपल्यावर आधी कुशीवर वळून, मग बसून, मग उभे राहण्याची सवय लावावी. उन्हाळ्यात वर्ग सूर्य वर येण्याआधी संपवावा.

आणि वाचकांनो, प्राणायाम न करतानाही तुम्हाला चक्कर येत असेल, किंवा अगदी संथ श्वासातही ती पुन्हा पुन्हा येत असेल, तर वर्ग बदलण्याआधी तपासणी करा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा औशाच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन पाच मिनिटे आडवे पडल्यावर एकदा आणि उभे राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी असा रक्तदाब मोजून मागा, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या, आणि जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्या.